मोटारशौकिनांचा क्लब : हौस मालकाची, रोजगार कारागिराचा

‘क्लब’ म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पत्ते, सिगारेटचा धूर आणि दारावरचा चौकीदार उभा राहतो. या शब्दाला आपल्या घरांतून फारशी इज्जत नाही, आणि त्याला कारणेही आहेत. परंतु आज आम्ही ज्या क्लबाबद्दल लिहिणार आहोत त्याला इमारत लागत नाही, चौकीदार लागत नाही आणि खर्च लागला तर चहापाण्याइतका. हा क्लब आहे मोटारशौकिनांचा. विशेषतः स्पोर्ट्स कार, म्हणजे हौसेची, वेगळ्या घाटाची गाडी बाळगणाऱ्यांचा.

व्यापाराच्या पानावर या शौकाचे काय काम, असे काही वाचक विचारतील. उत्तर सरळ आहे. हौसेची गाडी ज्याच्याकडे असते त्याला महिन्या-दोन महिन्यांनी कुणा ना कुणा कारागिराची गरज पडते. पत्राकाम, रंगकाम, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, बॅटरी, वायरिंग, कुशन, हूड या सगळ्या कामांत आपल्या समाजाचे हात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. नगर शहरात हे काम करणारे उस्ताद आजही आहेत. मात्र गाडीवाला एकीकडे आणि उस्ताद दुसरीकडे, अशी अवस्था आहे. एकमेकांची ओळख नसल्यामुळे मालक गाडी ट्रकवर चढवून पुण्याला पाठवतो आणि इकडे उस्तादाचा मुलगा धंदा सोडून दुसऱ्याच्या दुकानात पगारावर बसतो. ही दोन माणसे आठवड्यातून एकदा एकत्र चहा पिऊ लागली तर दोघांचेही भले आहे. क्लबाचा खरा उपयोग तो हाच.

स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचे?

नावावर जाऊ नये. जुन्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे दोन माणसांची, बुटकी, वजनाने हलकी आणि वळणावर रस्ता घट्ट धरणारी गाडी. बहुतेकांना वर कापडी छत असे. इंग्लंडच्या एमजी, ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीली या गाड्या त्या जातीच्या. (आज आपल्याकडे शोरूममध्ये एमजी नावाने ज्या गाड्या मिळतात त्या २०१९ पासून आल्या. नाव जुने, गाडी अगदी वेगळी.) भारतात अशी गाडी बनवण्याचे प्रयत्नही झाले. १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी उघडी गाडी निघाली. बॉडी फायबरची आणि इंजिन रेनो कंपनीचे. ती फार खपली नाही. पुढे दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली.

आपल्या जिल्ह्यात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघणार. म्हणून ‘फक्त स्पोर्ट्स कार’ अशी पाटी लावून बसलो तर क्लबात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होतील. आमचा सल्ला असा की स्पोर्ट्स कारला मधोमध जागा द्यावी आणि सतरंजी मोठी अंथरावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली जुनी फियाट, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्राची जुनी जीप, इतकेच काय, जावा आणि येझ्दी मोटारसायकलवाल्यांनाही बसू द्यावे. यात हुनराचेही नाते आहे. इंग्लंडची ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही स्पोर्ट्स कार हेरल्डचीच चेसिस आखूड करून बनवलेली होती. ज्या मिस्त्रीने हेरल्ड उघडून पाहिली आहे त्याला स्पिटफायरपुढे घाबरण्याचे कारण नाही.

नगरची माती या कामाला परकी नाही

मोटारीची हौस म्हणजे मुंबई-पुण्याचे काम, असा एक समज आहे. नगरकरांनी तो मनातून काढावा. आपल्या शहरातील घोडदळ रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडले. तेथे रणगाड्यांच्या रांगेत रोल्स रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ची चिलखती गाडीही उभी आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि तिचे चाचणी-रस्ते आपल्याच हद्दीत आहेत. अर्थात ते सरकारी कामासाठी आहेत, तुमच्या-आमच्या सैरसपाट्यासाठी नव्हेत. किनेटिकचा कारखाना दौंड रस्त्यावर आहे, आणि ज्या कंपनीने १९७२ साली ‘लुना’ बाजारात आणली तीच ही. लष्कर, संशोधन आणि कारखानदारी अशा तिहेरी सावलीत वाढलेल्या शहरात यंत्राची समज असलेली माणसे कमी नाहीत. फक्त त्यांना एकत्र बसवणारे कुणी नाही.

दुसऱ्यांनी सुरुवात कशी केली?

आज मोठे दिसणारे क्लब एके काळी चार माणसांचेच होते. इंग्लंडमधला एमजी कार क्लब १९३० साली सुरू झाला. एका मोटारविषयक साप्ताहिकात कुणी पत्र लिहिले, ते वाचून काही मालक एका खानावळीपाशी जमले आणि क्लब झाला. त्याचे पहिले सेक्रेटरी जॉन थॉर्नली हे हिशेबनिसाचे शिक्षण घेणारे तरुण होते. पुढे ते त्याच एमजी कारखान्याचे जनरल मॅनेजर झाले. वह्या नीट ठेवणारा माणूस क्लबाला किती पुढे नेतो आणि स्वतः किती पुढे जातो, याचे हे उदाहरण आपल्या दुकानदार मंडळींना सहज पटेल.

अमेरिकेत १९५५ साली बिल शोलर नावाच्या गृहस्थाने पोर्शे गाडीच्या मालकांना गोळा केले. आज त्या क्लबाची सभासदसंख्या लाखाच्या वर गेली आहे. सुरुवात मात्र एकमेकांना मदत करण्यासाठी जमलेल्या थोड्या ओळखीच्या लोकांपासून झाली.

आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासून आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. मुंबईतच व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. आणि ज्यांचे सूटिंगचे कापड आपण पिढ्यान्‌पिढ्या विकत आलो त्या रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी महागड्या गाड्यांसाठी सुपर कार क्लब काढला. तो श्रीमंतांचा क्लब आहे, त्यांना तो लखलाभ. नगरला ती नक्कल परवडणार नाही आणि तिची गरजही नाही.

दार उघडे ठेवण्याचे नियम

क्लब सुरू करणे सोपे आहे. तो सहा महिन्यांनंतर चालू राहणे कठीण. आपल्या बाजारातल्या कितीतरी मंडळांचे आपण पाहतो. पहिल्या महिन्यात अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि चार सल्लागार होतात, दुसऱ्या महिन्यात बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून रुसवे होतात आणि तिसऱ्या महिन्यात मंडळ संपते. म्हणून पहिले वर्षभर पदेच नसावीत. एक जण निरोप देईल, एक जण वही ठेवील. बस्स.

पहिल्या बैठकीला पाच गाड्या आल्या तरी पुरे. रविवारी सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली. रस्ता मोकळा असतो, ऊन चढलेले नसते आणि माणूस नऊनंतर आपल्या घरच्या कामाला लागू शकतो. वेळ एकदा ठरली की ती मोडू नये. दोनच माणसे आली तरी त्या दोघांनी चहा पिऊनच उठावे. तिसरा माणूस पुढल्या रविवारी या भरवशावर येतो की तेथे कुणीतरी नक्की भेटेल.

नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न ‘गाडी कितीची?’ असा विचारू नये. ‘गाडी कधीपासून आहे, काय काम केले, कुणाकडून केले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस आखडतो, दुसऱ्याने खुलतो. ज्याची गाडी अजून गॅरेजात ठोकळ्यांवर उभी आहे त्यालाही सभासद मानावे. त्याला तर क्लबाची गरज सर्वांत जास्त. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही, पण कार्बोरेटर खोलता येतो, त्याला त्याहून आधी बोलवावे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. मिस्त्रीला बोलावून बाजूला उभे करू नये. शेठ लोक खुर्चीवर, उस्ताद गाडीखाली आणि त्याचा चहा शेवटी, असा दस्तूर असेल तर तो क्लब नव्हे, ती फुकटची गॅरेज झाली. उस्तादाने रविवारच्या बैठकीत सल्ला द्यावा, हात काळे करू नयेत. काम सोमवारी त्याच्या दुकानात, त्याच्या दराने. एवढा एक नियम पाळला तर कारागीर आपणहून येतील आणि सोबत आपल्या मुलांनाही आणतील.

जमायचे कुठे, जायचे कुठे?

शहरात कुणाचे मोकळे आवार, गोदामापुढची जागा किंवा मालकाच्या परवानगीने पेट्रोल पंपाशेजारचे हॉटेल चालेल. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून वाहतूक अडवू नये. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांची तक्रार गेली तर क्लबाचे नाव खराब होते.

महिन्यातून एकदा छोटी सैर ठेवावी. सर्वांत जवळची म्हणजे पाथर्डी रस्त्यावरचा चांदबीबी महाल, शहरापासून सुमारे तेरा किलोमीटर. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण ती निजामशाहीतील वजीर सलाबतखान यांची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली इमारत आणि खाली सगळा मुलूख पसरलेला. वर जाणारा चढ जुन्या गाडीच्या रेडिएटरची आणि क्लचची परीक्षा घेतो. वास्तू पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहे आणि शेवटी ते कबरस्थान आहे. तेथे बॅनर, गाणी आणि हॉर्नचा गोंगाट शोभत नाही. दुसरी सैर डोंगरगणची. वर्षातून एकदा मोठा प्रवास करायचा झाला तर संगमनेर-अकोलेमार्गे भंडारदरा आहे. तेथले धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले.

बुटक्या गाडीला आपल्या जिल्ह्यातले रस्ते सारखे मानवत नाहीत. गावागावांतले गतिरोधक पोट खरवडतात. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो. बुटक्या गाडीच्या चालकाला ते उशिरा दिसतात आणि त्याची गाडी त्यांना दिसतच नाही. म्हणून हंगामात अंधार पडण्याच्या आत परतायचे, हा नियम लिहून ठेवावा. रस्त्याने चालताना एका रांगेत चिकटून जाऊ नये. तीन-तीन गाड्यांचे गट करावेत आणि मध्ये अंतर ठेवावे, म्हणजे मागच्या बसला किंवा रुग्णवाहिकेला वाट मिळते.

शर्यत अजिबात नको

या विषयावर आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण क्लब बुडतो तो येथेच, आणि घरेही येथेच बुडतात.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे एका पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. हे नगरपासून काही तासांच्या अंतरावर घडले. आपल्या शहराच्या बायपासवर वेगाची हौस भागवायला निघणारी मुले कुणाची असतात, ते आपल्याला माहीत आहे. त्यांत आपलीही असतात.

सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

विम्याचीही गोष्ट ध्यानात घ्यावी. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. म्हणजे ‘जरा बघू कुणाची पुढे जाते’ एवढ्या बोलण्यावरून गाडी ठोकली गेली तर विमा कंपनी हात वर करू शकते. शर्यतीवर पैज लावणे तर धर्माने आणि कायद्याने दोन्हीकडून बंद.

तेव्हा क्लबाच्या वहीत पहिल्या पानावर पहिला नियम हाच असावा : रस्त्यावर शर्यत करणारा सभासद त्याच दिवशी बाहेर, मग तो कुणाचाही मुलगा असो. हा नियम एकदा जरी वाकवला तरी क्लबाची इभ्रत संपली म्हणून समजावे. उलट हा नियम कडक ठेवला तर क्लब मुलांच्या उपयोगी पडेल. ज्याला इंजिन खोलून जोडायला शिकवले त्याला गाडीच्या ब्रेकची किंमत कळते.

कागदपत्रे कोणती पाहावीत?

जुनी गाडी घेताना इंजिन नंबर आणि चेसिस नंबर नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. कित्येक हौशी लोक स्वस्तात गाडी घेतात आणि मग कागदांमागे वर्ष घालवतात. क्लबातल्या जाणत्या माणसाने खरेदीआधी अर्धा तास कागद पाहिले तर हे टळते.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप कायम असलेल्या खासगी गाड्यांसाठी १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू झाली. त्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे आणि पुढच्या नोंदणीचे शुल्क पाच हजार. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल तर हा मार्ग धरू नये.

विम्याच्या २००२ च्या दरपत्रकात मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सभासदाला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पाच टक्के, जास्तीत जास्त दोनशे रुपये, सूट होती. १९४० पूर्वीच्या, व्हिंटेज क्लबाने प्रमाणित केलेल्या गाडीला पंचवीस टक्के होती. २००७ नंतर हे दर कंपन्यांच्या मर्जीवर आले आहेत. तरी पॉलिसी काढताना या सुटीबद्दल विचारावे. विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

आता कारागिरांसाठी एक इशारा. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘चाचा, या बंद गाडीचे छत कापा आणि उघडी स्पोर्ट्स कार करून द्या.’ पैसे चांगले मिळतात. पण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले आहे. बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय छत हा गाडीच्या ताकदीचा भाग असतो. ते कापले की गाडी मधून लचकते आणि अपघातात दुमडते. असे काम नाकारावे. मूळचीच उघडी असलेली गाडी नीट करून देण्यात भरपूर काम आहे.

हूड, कुशन आणि रबर : येथे आपले काम आहे

कापडाचा धंदा करताना आमच्याकडे कुशनवाले आणि ताडपत्रीवाले नेहमी येतात, म्हणून या भागात थोडे रेंगाळतो.

उघड्या गाडीचे छत, म्हणजे हूड, शिवणे हे शिंप्याचे आणि मिस्त्रीचे मिळून काम आहे. सुती डक कॅनव्हास घेतला तर तो आधी भिजवून वाळवून घ्यावा. कोरे कापड पहिल्या पावसात आटते आणि मग टिचबटणे जागेवर पोहोचत नाहीत. जुने फाटलेले हूड पसरून त्यावरून माप घेऊ नये, ते वर्षानुवर्षे ताणलेले असते. सांगाडा गाडीवर उभा करून, त्यावर कापड ताणून, खडूने खुणा कराव्यात.

दोरा महत्त्वाचा. निव्वळ सुती दोरा ओला होऊन फुगतो आणि सुईचे भोक बुजवतो, पण लवकर कुजतो. निव्वळ पॉलिस्टरचा कुजत नाही, पण भोकातून पाणी झिरपते. आत पॉलिस्टरचा गाभा आणि वर सूत असलेला दोरा दोन्ही कामे करतो. शिवणीवर मेण चोळावे. हूड ओले असताना दुमडू नये, दोन दिवसांत बुरशी धरते. मागची प्लास्टिकची खिडकी दुमडायची नाही, मध्ये मऊ फडके घालून गुंडाळायची. या एवढ्या गोष्टी गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा कारागीर पाचशे रुपये जास्त घेऊनही नावाजला जातो.

कुशनमध्येही तसेच. ज्याला आपण रेक्झीन म्हणतो ते मूळ इंग्लंडमधल्या एका मालाचे नाव, सुती कापडावर लेप चढवलेले. आज बाजारात त्या नावाने मिळते ते बहुतेक पीव्हीसी. जुन्या गाडीच्या मालकाला मूळचा पोत, मूळची पाईपिंग आणि मूळच्या शिवणीची रुंदी हवी असते. त्याला नमुना दाखवून, सही घेऊन मगच कात्री लावावी.

तिसरी गोष्ट रबराची. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल करतात. तेच इथेनॉल आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळून आपल्या टाकीत येते. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतली रबरी नळी, बुचाची गॅस्केट आणि पंपाचा पडदा या पेट्रोलने फुगतो किंवा तडकतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. पेट्रोल गळले की आग लागायला वेळ लागत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदे घालून देणे हे आज प्रत्येक जुन्या गाडीचे पहिले काम आहे. ज्या स्पेअर पार्टवाल्याने हा माल ठेवला आणि ज्या मिस्त्रीने तो बदलण्यात हात बसवला त्याच्याकडे क्लबातली प्रत्येक गाडी एकदा तरी येणारच.

पैशाचा हिशेब

सुरुवातीला वर्गणी नको. चहाचे पैसे आळीपाळीने द्यावेत. सहा महिने टिकल्यावर, समजा बारा सभासद झाले आणि प्रत्येकी महिना शंभर रुपये ठरले, तर वर्षाचे चौदा हजार चारशे होतात. त्यातून आग विझवण्याचे नळकांडे, प्रथमोपचार पेटी, गाडी ओढायचा पट्टा आणि एखादे महाग पण क्वचित लागणारे हत्यार घ्यावे. हत्यार कुणाकडे आहे याची वहीत नोंद हवी. दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. दोन सह्यांशिवाय पैसा निघू नये.

पुढे संस्था नोंदवायची झाल्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होते. एकदा नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब आणि कागद आलेच. म्हणून गरज पडेपर्यंत घाई करू नये.

क्लबाने कारागिरांची एक यादी करावी : नाव, काम, दुकानाची वेळ. कामाचा अंदाज लेखी, काढलेला जुना भाग मालकाला परत, आणि वायद्याची तारीख पाळायची. मालकानेही काम झाल्यावर रोख द्यावे. ‘आपण क्लबातले, पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य क्लबात चालू देऊ नये. ओळखीवर उधारी वाढली की आधी ओळख जाते आणि मग उधारीही जाते. आपल्या बाजारात हे कुणाला शिकवायला नको.

उशीर करण्यात नुकसान आहे

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांबरोबर त्यांचे काम डोळे मिटून करणाऱ्या कित्येक मिस्त्रींचे कामही गेले. आपल्याकडच्या जुन्या उस्तादांचे हात अजून चालतात, पण ते कायम चालणार नाहीत. कार्बोरेटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणे पुस्तकात मिळत नाही, ते शेजारी बसूनच शिकावे लागते. गाड्याच आल्या नाहीत तर मुलगा शेजारी बसणार कशाला?

म्हणून ज्यांच्याकडे हौसेची गाडी आहे त्यांनी येत्या रविवारी ती बाहेर काढावी आणि ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याला निरोप द्यावा. ज्यांचे दुकान आहे त्यांनी आपल्या कामाचा नमुना घेऊन तेथे जावे. पाच गाड्या, तीन उस्ताद, दोन शिकाऊ मुले आणि एक वही एवढ्यावर क्लब उभा राहतो. बाकीचे चहाबरोबर ठरत जाईल.